कोणत्या माशीवर कोणता कोळी?



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला आले, तेव्हा मी कंत्राटी पद्धत, किमान वेतन किंवा नवे कामगार कायदे यांपैकी एखादा विषय घेईन, अशी चालकांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. कारण गेली तीस वर्षे चितेगाव-पैठण रस्त्यावरच्या कारखान्यांच्या दारांत उभा राहून मी तेच बोलत आलो आहे. मी विषय कळविला तो मधमाशीच्या अंगावरील कोळ्याचा. तेव्हा चालकांपैकी एकाने मला फोन करून विचारले, "भाऊ, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" मी म्हणालो, विषय लिहिताना चूक झालेली नाही, पण हा विषय माझ्याकडे आला तो मात्र एका चुकीमुळेच. ती चूक माझी आहे, आणि ती तुमच्यापुढे सांगावी म्हणूनच मी आज येथे उभा आहे.

प्रथमच सांगतो की मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा मी सांगेन त्यात विद्वत्ता शोधू नका. माहिती मात्र पारखून घेतलेली आहे.

आमच्या संघटनेचा एक सभासद होता. या पट्ट्यातील एका कारखान्यात त्याची बावीस वर्षे नोकरी झाली आणि मग ती गेली. फंडाचे पैसे हाती आले. पुढे काय करावे, हा प्रश्न होता. कोणीतरी त्याला सांगितले की कांद्याचे बियाणे घेणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाशांच्या पेट्या भाड्याने मागतात. ते खरेही आहे. कांद्याच्या एका फुलातील पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचविल्याखेरीज बी नीट धरत नाही. ते काम मधमाशी करते. आमच्या या गृहस्थाने फंडाचे पैसे आणि पतपेढीचे थोडे कर्ज अशी जुळवाजुळव करून युरोपीय मधमाशांच्या वीस पेट्या बाहेरून आणविल्या.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी पेट्यांपुढे पंख चुरगळलेल्या माशा जमिनीवर सरपटताना दिसू लागल्या. एकेक पेटी रिकामी होऊ लागली. वीसांच्या सहा राहिल्या. एके संध्याकाळी तो संघटनेच्या कचेरीत आला आणि त्याने माझ्यापुढे एक काडेपेटी उघडली. आत तांबूस रंगाचे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे चपटे किडे होते. "भाऊ, हेच ते. माशीच्या अंगाला चिकटलेले असतात. शेताच्या कडेला वडावर आग्या मोहोळ बसलंय, त्याच्यावरनंच आलं असंल का हे?"

आता पाहा, मला ठाऊक नव्हते. तेव्हा "ठाऊक नाही, विचारून सांगतो" असे मी म्हणावयास हवे होते. परंतु पुढाऱ्याला "ठाऊक नाही" म्हणण्याची सवय राहत नाही. मी कोठेतरी अर्धवट वाचले होते की आग्या माशीच्या पोळ्यात कोळी असतो व तो पेटीतल्या माशीवर जातो. मी म्हणालो, "तेथूनच आला असणार." त्या रात्री चार माणसांनी टेंभे पेटवून ते मोहोळ जाळले. मी तेथे उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखाली माशांचा थर पडला होता, आणि शेजारचा शेतकरी येऊन मला म्हणाला, "भाऊ, माझ्या गोंड्यावर या माशा येत होत्या. आता कोण येणार?"

पंधरा दिवसांनी ती काडेपेटी मी शहरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांकडे नेली. त्यांनी भिंगाखाली पाहिले आणि दोन मिनिटांत सांगितले की हा आग्या माशीचा कोळी नव्हे. आग्या माशीवर हा वाढत नाही. मग कोणत्या माशीवर कोणता कोळी असतो, या प्रश्नाचा मी पाठपुरावा सुरू केला. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्या भागात मध गोळा करणाऱ्या माशा कोणत्या, ते आधी पाहू. पहिली आग्या. वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांवर, पाण्याच्या उंच टाक्यांवर, जुन्या वडा-पिंपळांवर जिची मोठमोठी उघडी पोळी लोंबतात ती. हिचे एकच पोळे असते आणि ते कधीकधी हात-दीड हात रुंद होते. ही माशी हंगामाप्रमाणे दूरदूर स्थलांतर करते आणि पुष्कळदा पुन्हा त्याच जागी येऊन बसते. दुसरी फुलोरी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी लहान माशी. तिसरी सातेरी, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या कपारीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी. महाबळेश्वरच्या डोंगरात पेट्यांतून पाळली जाते ती ही. तेथील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. चौथी पोया, हिला डंख नसतो. या चार आपल्या. पाचवी पाहुणी, युरोपीय माशी. शास्त्रात तिला एपिस मेलिफेरा म्हणतात. आपल्या देशात ती १९६२ साली हिमाचलातील नगरोटा येथे यशस्वीपणे रुजविण्यात आली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली, हाही एक योगायोग. पाहुणी माशी शांत, मध जास्त देणारी आणि पेटी सोडून सहसा न पळणारी असल्यामुळे ती देशभर पसरली.

आता कोळी. वांग्यावरचा, भेंडीवरचा लाल कोळी आपले शेतकरी ओळखतातच. हा त्याच मोठ्या कुळातला, आठ पायांचा जीव. मधमाशीवर जगणाऱ्या ज्या कोळ्याने साऱ्या जगाची झोप उडविली आहे, त्याचे नाव वरोआ. शेतीवर ग्रंथ लिहिणारा आणि मधमाशांविषयीही लिहिणारा व्हारो नावाचा एक रोमन पंडित होऊन गेला. त्याच्या नावावरून हे नाव पडले. याची मादी तांबूस-तपकिरी, सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते. लांबीपेक्षा रुंदी जास्त, म्हणून ती खेकड्यासारखी दिसते. आपल्या अंगाच्या मानाने मोजले तर माशीच्या अंगावरचा हा कोळी म्हणजे माणसाच्या अंगावर बसलेली ताटलीएवढी गोचीड होय.

हा कोळी वाढतो कोठे? माशीच्या अंगावर तो राहतो आणि फिरतो. परंतु वाढतो तो पोळ्यातील अळीच्या घरात. अळी पुरेशी मोठी झाली की कामकरी माशा तिच्या घरावर मेणाचे झाकण घालतात. झाकण पडण्याच्या थोडे आधी कोळ्याची मादी आत शिरून बसते. झाकण पडल्यावर सुमारे साठ-सत्तर तासांनी ती पहिले अंडे घालते, त्यातून नर निघतो. पुढे साधारण तीस-तीस तासांनी एकेक अंडे, त्यांतून माद्या. भावाबहिणींचा समागम त्या बंद घरातच होतो. झाकण उघडून नवी माशी बाहेर आली की आई आणि पूर्ण वाढलेल्या लेकी तिच्या अंगावर बसून बाहेर पडतात. नर आणि अर्धवट वाढलेली पिले आतच मरतात. कोळी माशीचे रक्त पितो असे पुष्कळ वर्षे समजले जात होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की तो मुख्यतः माशीच्या शरीरातील मेदपेशी खातो. त्याहूनही वाईट म्हणजे तो विषाणू एका माशीकडून दुसरीकडे नेतो. आमच्या सभासदाने पाहिलेल्या चुरगळलेल्या पंखांच्या माशा या अशाच एका विषाणूच्या बळी होत्या.

श्रोतेहो, येथे खरा प्रश्न येतो. हा कोळी मूळचा कोणाचा? तो मूळचा सातेरीच्या जातीचा, म्हणजे आशियातील ढोलीत राहणाऱ्या माशीचा. १९०४ साली ऊडेमान्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले, ते जावा बेटावर याकोबसन यांना याच जातीच्या माशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणून त्या कोळ्याला वरोआ याकोबसोनी हे नाव मिळाले.

मग सातेरी अजून जिवंत कशी? कारण फार दीर्घ काळात त्या दोघांचे काहीतरी जमलेले आहे. सातेरीच्या पोळ्यात हा कोळी बहुतेक नरमाश्यांच्या घरांतच वाढतो, आणि नर काही बारा महिने जन्मत नाहीत. कामकरी अळीच्या घरात तो शिरलाच तर माशा ते ओळखतात आणि ती अळी बाहेर काढून टाकतात. नराच्या घरात कोळ्यांची गर्दी होऊन आतला नर मेला, तर ते घर उघडतच नाही. आतले कोळी त्या मेणाच्या थडग्यात संपतात. शिवाय या माशा स्वतःचे आणि एकमेकींचे अंग झाडून कोळी काढतात. म्हणजे कोळी आहे, परंतु तो मर्यादेत आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की सातेरीच्या जातीची कामकरी अळी या कोळ्याच्या दंशाने चटकन खचते, आणि खचते म्हणूनच माशांना ती लवकर कळते व बाहेर टाकता येते. एकटीचा दुबळेपणा साऱ्या वसाहतीचे रक्षण करतो. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. सभेत सांगण्यासाठी असे दृष्टांत आम्हा लोकांना फार आवडतात. परंतु हा दृष्टांत मी माणसांना लावणार नाही, आणि कोणी लावू लागला तर त्याला अडवीन. 'सर्वांच्या भल्यासाठी थोड्यांना काढावे लागते' हे वाक्य मी वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळ ऐकले आहे. माशीचे माशीपाशी राहू द्या. शास्त्रज्ञांनी तिला 'कामकरी' म्हटले म्हणून ती काही आमच्या संघटनेची सभासद होत नाही. आणि कामगार म्हणजे खचला की उचलून टाकावयाची अळी नव्हे.

आता पाहुण्या माशीकडे वळू. युरोपीय माशीची आणि या कोळ्याची भेट निसर्गाने कधी घडविली नव्हती. मध्ये डोंगर, वाळवंटे आणि हजारो कोस होते. ती भेट माणसाने घडविली. रशियातून पूर्वेकडे वस्ती करण्यास गेलेल्या लोकांनी आपल्या माशा बरोबर नेल्या. जपानने त्या मागविल्या. आशियात इतरत्रही त्या गेल्या. तेथे सातेरीच्या जातीच्या माशा शेजारीच होत्या. कोळी एकीवरून दुसरीवर गेला. पाहुण्या माशीजवळ त्याला आवरण्याची रीत पुरेशी नव्हती. तिच्या पोळ्यात तो कामकरी अळीच्या घरातही वाढू लागला, आणि ती घरे तर जवळजवळ वर्षभर भरलेली असतात. उपाय केला नाही तर अशी वसाहत बहुधा दोन-तीन वर्षांत संपते. १९५० च्या दशकात पूर्व आशियातील पेट्यांत तो दिसला; पुढे युरोपात पसरला; १९८७ साली अमेरिकेत, १९९२ साली इंग्लंडमध्ये, २००० साली न्यूझीलंडमध्ये सापडला. ऑस्ट्रेलियाने त्याला पुष्कळ वर्षे बाहेर ठेवले. परंतु २०२२ च्या जूनमध्ये न्यूकॅसल बंदराजवळ तो आढळला, आणि पुढच्याच वर्षी त्याला समूळ नष्ट करण्याचा प्रयत्न सरकारला सोडून द्यावा लागला. आपल्या उत्तर भारतातील पेटीवाल्यांनाही २००४-०५ च्या सुमारास त्याचा मोठा तडाखा बसला.

यात एक गमतीची, पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जवळजवळ शंभर वर्षे सारे जग या कोळ्याला वरोआ याकोबसोनी म्हणत होते. हजारो लेख त्या नावाने लिहिले गेले. २००० साली ऑस्ट्रेलियातील अँडरसन आणि ट्रूमन या दोघांनी दाखवून दिले की ज्याला आपण एक समजत होतो ते एकाहून अधिक जातींचे कोळी आहेत. जावातला याकोबसोनी तो हा नव्हेच! जगभर पेट्या मारणारा कोळी निराळा. त्याला त्यांनी वरोआ डिस्ट्रक्टर, म्हणजे विध्वंसक, असे नाव दिले. त्यातही त्याचे सगळे प्रकार युरोपीय माशीवर गेले नाहीत. गेले ते दोनच, एक कोरियाकडचा आणि एक जपानकडचा. म्हणजे जगाने इतकी वर्षे आरोपपत्र एकाच्या नावाने काढले आणि गुन्हा केला होता दुसऱ्याने. अर्थात याकोबसोनीही कायमचा निर्दोष राहिला नाही. २००८ साली पापुआ न्यू गिनीमध्ये तोही युरोपीय माशीच्या पोळ्यात वाढताना सापडला. म्हणून आज जे निर्दोष आहे ते उद्या पुन्हा तपासावे लागते.

आता मी जाळविलेल्या आग्या माशीकडे येतो. तिचा म्हणून एक कोळी आहे, हे खरे. त्याचे कुळ ट्रोपिलिलॅप्स. तो वरोआहून लहान असतो. लांबी एक मिलिमीटरच्या आत-बाहेर आणि रुंदी तिच्या निम्मी. म्हणजे वरोआ आडवा, तर हा उभा. वरोआ माशीच्या पोटाच्या कड्यांत दडून बसतो. हा पोळ्यावर तुरुतुरु पळतो. याही कोळ्याच्या नावाचा घोळ झालेला आहे. १९६१ साली फिलिपाइन्समध्ये सापडलेल्या एका जातीचे नाव साऱ्या आशियातील कोळ्यांना दिले गेले. २००७ साली ध्यानात आले की आपल्याकडील आग्या माशीवरचा आणि तेथून युरोपीय माशीवर गेलेला कोळी निराळा आहे. त्याचे नाव आता ट्रोपिलिलॅप्स मर्सिडेसी असे आहे. फुलोरीचाही स्वतःचा कोळी आहे, यूवरोआ सिन्हाय. १९७४ साली त्याचे वर्णन झाले, ते भारतातील नमुन्यांवरून. तो फुलोरीच्या नरांच्या घरांत वाढतो आणि पाहुण्या माशीला त्याने त्रास दिल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा हिशेब असा झाला. सातेरीचा वरोआ, आग्याचा ट्रोपिलिलॅप्स, फुलोरीचा यूवरोआ. प्रत्येकीचा आपला एक कोळी, आणि प्रत्येकीची त्याच्याशी निभावून नेण्याची आपली एक रीत. आग्या स्थलांतर करते तेव्हा पोळे मागे सोडून जाते. ट्रोपिलिलॅप्सला मोठ्या माशीच्या अंगातून खाता येत नाही, त्याला अळीच लागते. अळी नसेल तर तो थोड्याच दिवसांत मरतो. म्हणजे आग्याचा प्रवास हाच तिच्यापुरता उपाय होऊन बसतो. पाहुणी माशी मात्र अशी की तिच्यावर दोघेही जाऊन बसले आणि दोघांनाही आवरण्याची तिची तयारी नव्हती.

कोणी म्हणेल, कोळी तो कोळी. नावांत काय आहे? नावांत उपाय आहे, बंधूंनो. पेटीतील ट्रोपिलिलॅप्सवर एक साधा उपाय असा की काही दिवस पेटीत एकही अळी राहणार नाही अशी व्यवस्था करावयाची; तो उपाशी मरतो. वरोआवर तेवढ्याने भागत नाही, कारण तो मोठ्या माशीच्या अंगावर आठवडेच्या आठवडे काढतो. मात्र पेटीत अळ्या नसताना सारे वरोआ माशांच्या अंगावरच असतात. तेव्हा ऑक्झॅलिक आम्ल योग्य प्रमाणात दिले तर ते चांगले लागू पडते. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाखालीही पोहोचते, पण ती माणसाच्या डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. प्रमाण चुकले तर माशाही मरतात. ही औषधे जाणकाराला विचारल्यावाचून हाताळू नका. माझे सांगणे इतकेच की कोळी ओळखल्यावाचून औषध देणे म्हणजे नाडी न पाहता काढा देण्यासारखे आहे.

ओळखावे कसे? पेटीतून अर्धी वाटीभर, म्हणजे सुमारे तीनशे माशा बरणीत घ्या. राणी त्यांत नाही एवढे पाहा. तोंडाला जाळी बांधा. वरून दोन चमचे पिठीसाखर टाका, बरणी हलक्या हाताने फिरवा, थोडा वेळ ठेवा आणि पांढऱ्या कागदावर झाडा. कोळी साखरेबरोबर खाली पडतात. माशा मरत नाहीत. त्या पेटीत परत सोडता येतात. ट्रोपिलिलॅप्सचा संशय असेल तर अळ्यांच्या पोळ्याची चौकट पांढऱ्या ताटावर आपटून पाहा. आडवा की उभा, दडणारा की पळणारा, एवढे भिंगातून दिसते. हे काम दहा मिनिटांचे आहे. मी ती दहा मिनिटे दिली नाहीत.

याच प्रकारची एक जुनी हकीकत आहे. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. तेथे १९०४ नंतर मधमाशा मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या आणि ती लागण देशभर पसरली असे म्हटले गेले. १९२१ साली रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माशीच्या श्वासनळीत राहणारा एक सूक्ष्म कोळी सापडला. झाले! सारा दोष त्याच्या माथी आला. अमेरिकेने १९२२ साली कायदा करून परदेशी माशांना दार बंद केले. पुढे १९६० च्या दशकात बेली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने जुनी कागदपत्रे व पुरावे तपासून म्हटले की त्या मरणाची कारणे अनेक असावीत, आणि त्या एका कोळ्यावर सारा दोष ठेवण्यास पुरावा पुरत नाही. कोळी सापडला, तो घटनास्थळी होता, म्हणून तोच गुन्हेगार ठरला. असे न्यायदान कोठे चालते ते येथे बसलेल्या कामगारांना मी सांगावयास नको.

आणि येथेच मला माझे शब्द गिळावे लागतात. तीस वर्षे मी व्यवस्थापनांना एकच गोष्ट सांगत आलो: चौकशीवाचून बडतर्फी नाही. आधी आरोपपत्र द्या, पुरावा दाखवा, त्याचे म्हणणे ऐका, मग शिक्षेचे बोला. या एका तत्त्वासाठी मी उन्हात बसलो आहे, कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. आणि त्या वडाखाली मी काय केले? काडेपेटीत पुरावा होता. तो पाहिला नाही. आरोपी समोर होता, मोठा होता, डंख मारणारा होता, म्हणून तोच गुन्हेगार. शिक्षा त्याच रात्री. कोळी खरे म्हणजे विकत आणलेल्या पेट्यांतूनच आलेला असण्याचा संभव सर्वांत अधिक होता, कारण वरोआ युरोपीय माशांच्या पेट्यांबरोबरच गावोगाव फिरतो. परंतु पेटी विकणारा दूर होता, आणि मोहोळ जवळ होते. जवळच्यावर राग काढणे सोपे असते.

मी आग्याला अगदी धुतल्या तांदळासारखी ठरवीत नाही. काडेपेटीत उभा, पळणारा कोळी निघाला असता तर संशयाला जागा होती. परंतु तेव्हाही जाळून काय साधले असते? आग्या एका झाडावरून गेली तर दुसऱ्या वर्षी दुसरी येते, आणि एकदा पेट्यांत आलेला कोळी पेट्यांबरोबर प्रवास करीत राहतो. उपाय पेटीतच करावा लागतो. तोटा मात्र नक्की झाला. त्या मोहोळातील हजारो माशा कोणाकडून भाडे न घेता आसपासच्या कांद्यावर, झाडाझुडपांवर राबत होत्या.

आमच्या सभासदाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. उरलेल्या सहा पेट्यांवर योग्य उपाय झाला; चार जगल्या. तो आता दर पंधरवड्याला साखरेची बरणी घेऊन बसतो आणि वहीत कोळ्यांचे आकडे लिहितो. कर्ज अजून फिटलेले नाही. तो मला काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणाला असता तरी मी तुमच्यावर रागावलो नसतो." पुढारीपणाच्या तीस वर्षांत मला इतके जड वाक्य कोणी ऐकविले नव्हते.

म्हणून तुम्हा सर्वांना माझी तीनच मागणी आहेत. मागण्या केल्यावाचून मला भाषण संपविता येत नाही, ही माझी खोड समजा. एक, पेट्या विकत घेणाराने माशांबरोबर आणखी काय विकत घेतो आहोत ते बरणी हालवून पाहावे. दोन, गावाच्या टाकीवर किंवा वडावर मोहोळ बसले तर टेंभा पेटविण्याआधी ते कोणाला त्रास देते आहे का हे पाहावे. लोकांना धोका असेल तर ते सुरक्षितपणे हलविणाऱ्या जाणकाराला बोलवावे. तीन, आपल्यापैकी ज्याचा शब्द चार लोक ऐकतात, त्याने ठाऊक नसेल तेव्हा ठाऊक नाही असे म्हणण्यास लाजू नये.

त्या वडावर गेल्या वर्षी आग्या मोहोळ पुन्हा बसले. मी खाली उभा राहून बराच वेळ वर पाहत होतो. त्या माशांना माझी ओळख असण्याचे कारण नाही, आणि ते बरेच आहे.